मितीश्ची खोडून मॉस्को

मी डोंबिवलीचा. पण दुबईत कोणी विचारलं की ‘मुंबई’ सांगतो. वीस वर्षं सांगतोय, आता मलाही खरं वाटतं. रास अल खोरच्या आमच्या कार्गो ऑफिसात शेजारच्या टेबलावरची रशियन बाई नेमकी उलटी. कोणी मॉस्कोची म्हटलं की लगेच दुरुस्ती, “मॉस्को नाही. मितीश्ची.”

मितीश्ची म्हणजे मॉस्कोला खेटून असलेलं शहर. तिथे मेट्रोचे डबे बनवण्याचा कारखाना आहे, तिच्या वडिलांचा उभा जन्म त्यातच गेला.

“म्हणजे मॉस्कोच की,” मी चिडवायचो.

“डबे आम्ही बनवतो, बसतात मॉस्कोवाले. शीक जरा, हबीबी.”

गेल्या हिवाळ्यात तिला मुलगी झाली, सिझेरियननं, आणि त्याच आठवड्यात तिकडे आईनं अंथरूण धरलं. हिला विमानात बसायची बंदी. आईला फोनवरचं दिसत नसे, म्हणून हिनं बाळाचे पानभर मोठे फोटो छापून अल्बम केला नि माझ्याकडे पाठवला. लवकर पोचव, म्हणाली. “यल्ला, चल, माझ्यावर सोड,” मी म्हणालो.

लेबल टाइप करताना तिनं लिहून दिलेलं मितीश्ची मी गाळलं आणि मॉस्को घातलं. एवढंसं नाव कोणाला कळणार? मोठं नाव घातलं की माल लवकर पोचतो, हा माझा डोंबिवलीकर अनुभव. तिच्या आईच्या रस्त्याच्याच नावाचा रस्ता मॉस्कोतही असेल, हे डोक्यातच आलं नाही. होता. तिथल्या कुणा परक्यानं पार्सल घेतलं नाही आणि ते डेपोत पडून राहिलं.

ती रोज फोन करायची, “पोचलं?” मी न बघताच म्हणायचो, “उद्या, इन्शाल्ला.” दहाव्या दिवशी ट्रॅकिंग बघितलं, तेव्हा कळलं. गुपचूप पत्ता दुरुस्त केला. अल्बम मितीश्चीला पोचला तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते.

रजा संपवून ती कामावर आली, त्या सकाळी मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून बसली.

“आई रोज विचारायची, नाक कोणावर गेलंय. मी सांगायचे, तुझ्यावर. फोटो येतायत, बघशीलच.”

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “आणि खरं कोणावर गेलंय?”

“तिच्या बापावर,” ती म्हणाली, आणि कॉम्प्युटर सुरू केला.