बहिणीच्या दारचा रस्ता थांबवायला फरीदाबादला

माझी धाकटी बहीण सुशीला फरीदाबादला एका जुन्या सेक्टरात एकटी राहते. तिच्या गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आलं, सोमवारी नवा रस्ता होणार, गाड्या काढा. खाली सगळ्यांचे अंगठे. सुशीलाने मला फोनवर ते वाचून दाखवलं आणि गप्प झाली. रस्ता होतोय म्हणून कोणी असं गप्प होत नाही. म्हटलं, येते.

इथे जुना रस्ता काढत नाहीत, त्यावरच नवा थापतात. धिरड्यावर धिरडं. तिचं घर बांधलं तेव्हा चढून आत जायचो, आता उतरून जातो. मागच्या पावसाळ्यात पाणी पलंगाखाली आलं. तिचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "पुन्हा पाणी शिरलं तर घर बिल्डरला देऊ आई, तू इकडे ये." सुशीला "बरं" म्हणाली. ती सगळ्यांनाच बरं म्हणते.

जाणार असाल तर माझ्यासारखी दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रो धरा आणि मंडी हाउसला गाडी बदला. रविवारी गर्दी कमी. तरी म्हाताऱ्यांच्या सीटवर कानात इअरफोनची बोंडं घातलेला एक म्हातारा होता, वय वीस. मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, तो उठला. बदरपूर गेलं की कारखान्यांची छपरं दिसायला लागतात. स्टेशनबाहेर ई-रिक्षावाला मला बघून पन्नास म्हणाला. मी शेजारच्या बाईला विचारलं, ती दहा देते. मीही दहाच दिले.

सुशीलाने पातोडीचा रस्सा केला होता, तिखट, आईसारखा. घरात बघते तर पलंगाखाली विटा, फ्रिजखाली विटा, कपाटाखाली विटा.

"हे काय गं?"

"पाणी आलं तर सामान वाचेल."

"आणि तू? तुझ्याखाली किती ठेवू?"

ती हसली, पण तोंड फिरवून.

समोरचे शर्माजी सल्ला द्यायला आले. त्यांच्या घराला गाडी चढवायचा उतार आहे, हत्ती चढेल एवढा. "आंटीजी, जैक लगवाके मकान उठवा लो. आजकल सब करवा रहे हैं." सुशीला त्यांना म्हणाली, "अच्छा जी."

ते गेल्यावर तिने मोबाइल पुढे केला. त्या सूचनेबरोबर कामाच्या कागदाचा फोटो होता. सगळ्यांनी अंगठा दिला, वाचला कोणी नाही. सुशीलाने वाचला, कारण तिची नोकरीच सरकारी फायलींत गेली. त्यात लिहिलं होतं, जुनं डांबर खरवडून मगच नवं टाकायचं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"शुक्रवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"रस्ता खाली गेला तर लोकांचे उतार अधांतरी राहतील, ताई. गाड्या कशा चढवणार ते?"

माझी बहीण पाण्यात झोपेल, पण शेजाऱ्याच्या गाडीची काळजी करेल.

सोमवारी रोलर आला. खरवडायचं यंत्र काही दिसलं नाही. मी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या रोलरपुढे टाकल्या. सुशीलाला म्हटलं, "मला ते सरकारी हिंदी वाचता येत नाही. मी बसते, तू वाच."

पहिल्यांदा वाचलं ते तिचं तिलाही ऐकू आलं नसेल. दुसऱ्यांदा आवाज चढला. मी तिचा हात धरला, मोबाइल पडू नये म्हणून.

ठेकेदाराचा मुनशी म्हणाला, "माताजी, ये तो लिखा ही रहता है."

सुशीला म्हणाली, "भैया, लिखा रहता है तो करना भी होता है."

शर्माजी तावातावाने आले. "बहनजी, आज काम रुका तो पूरी गली धूल खाएगी." त्यांचं खोटं नव्हतं. सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. मी रोलरकडे बघत राहिले. मग ती त्यांना म्हणाली, "मैं भी खाऊँगी." आणि खुर्चीत बसली.

मुनशीने साहेबाला फोन लावला, बराच वेळ "जी सर, जी सर" केलं. रोलर मागे गेला. त्या दिवशी गल्लीत आमच्याशी कोणी बोललं नाही. संध्याकाळी सुशीलाने माझे पाय चेपले. मी नको म्हटलं नाही.

मंगळवारी मी परत आले. पुढे यंत्र आलं, डांबर खरवडलं, नवा रस्ता झाला, पण मधले कितीतरी दिवस गल्लीने खरंच धूळ खाल्ली. शर्माजींना उतार फोडून परत बांधावा लागला. सुशीला अजून त्यांना रोज नमस्ते करते, ते घेत नाहीत. म्हणजे हे फुकटात झालं नाही. तुमच्या गल्लीचा असा कागद आला तर अंगठा देण्याआधी वाचा, एवढं सांगते.

काल दुपारी तिकडे जोराचा पाऊस झाला. सुशीलाचा फोन आला.

"ताई, पाणी रस्त्यावरच आहे."

"मग फोन कशाला केलास?"

"काही नाही. दारात बसून बघतेय."

इकडे माझ्या गॅसवर भात होता. तो लागला तरी मी फोन ठेवला नाही.