उद्धवराव एकदाच सज्जन झाले

सोयाबीन घरात आलं, शाळेला सुट्ट्या लागल्या आणि पुण्या-मुंबईकडं गेलेली पोरं बॅगा घेऊन गावात उतरायला लागली, की आमच्या पुसेगावात नाटकाचा विषय निघतो. मंडळाचं नाव नवतरुण नाट्य मंडळ. त्यातल्या सगळ्यात नव्या तरुणाला आता चाळशी लागलीय, पण नाव बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. मी चाँद पाशा, धंद्यानं शिंपी. नाटकाचे कपडे मी शिवतो आणि ते कुणाच्या अंगात घालायचे हेही मीच ठरवतो, म्हणून लोक मला दिग्दर्शक म्हणतात. दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शाळेच्या मैदानावर आमचा प्रयोग होतो. आणि त्यात खलनायक असतात उद्धवराव.

उद्धवराव आमच्या हायस्कुलात कारकून. पाल दिसली तर खुर्चीवर चढणारा माणूस. भाजीवालीनं किडकी वांगी दिली तर परत करायची लाज वाटते म्हणून तशीच घरी आणतात आणि वासंतीवहिनींची बोलणी मुकाट्यानं खातात. पण हाच माणूस काजळानं मिशा कोरून, काळा कोट घालून स्टेजवर आला की बघावं. त्यांचं ते हसणं! पोटातून निघायचं, घशात खरखरायचं आणि मग मैदानभर पसरायचं. पुढं बसलेली लेकरं आईच्या पदरात तोंड लपवायची. एका वर्षी त्यांनी नाटकात विधवा बहिणीला घराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत बाया वासंतीवहिनींच्या भोवती गोळा झाल्या. "वहिनी, घरी लई तरास देत असतील न्हाई तुमाला?"

उद्धवरावांना हे ऐकून कोण आनंद. "चाँदभाई," मला म्हणाले, "शिव्या पडल्या. झाली आपली दिवाळी."

दोन वर्षांमागं मात्र या शिव्या त्यांना चांगल्याच महागात पडायची वेळ आली.

त्यांची मुलगी नीलांबरी हिंगोलीला औषधाच्या दुकानात नोकरीला. तिथल्याच एका कॉलेजात शिकवणाऱ्या शौनकशी तिचं जमलं. दोघं शहाणी, दोन्ही घरं राजी. राहिली फक्त शौनकची आत्या, शकुंतलाबाई. शौनकची आई तो लहान असतानाच गेली. आत्यानंच त्याला वाढवलं, म्हणून तिचा होकार त्याला हवा होता.

नवरात्रात शकुंतलाबाई शौनकला घेऊन पुसेगावला आल्या. दार उद्धवरावांनी उघडलं. बाई उंबऱ्यातच थांबल्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"नाटकात बहिणीला घराबाहेर काढलं होतं, ते तुमीच ना?"

उद्धवराव हरखले. हिंगोलीपर्यंत आपलं नाव गेलं! "व्हय, व्हय, मीच तो! तुमी पाहिलं होतं?" आणि त्या खुशीत त्यांनी ते हसणंही जसंच्या तसं हसून दाखवलं.

बाईंनी चहा अर्धाच घेतला. परत जाताना गाडीत शौनकला म्हणाल्या, "नाटक असलं म्हणून काय झालं? आत काही असल्याबिगर इतकं खरं येतं व्हय? त्या घरची पोरगी करायची म्हणजे मला जरा इचार करू दे."

नीलांबरीनं फोनवर हे वडिलांना सांगितलं ते हसत हसत. पण उद्धवराव हसले नाहीत. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसले.

"चाँदभाई, यंदा मला चांगला माणूस करा."

"काहून? तकलीफ काय झाली?"

त्यांनी सगळं सांगितलं. म्हणाले, "बाईंना मी नाटकाला बोलावतो. एकदा मला सज्जन बघितलं की त्यांच्या मनातलं जाईल."

सुट्टीला आलेल्या नीलांबरीनंही त्यांना समजावलं. "बाबा, इतकं काहून मनाला लावून घेऊन राहिलात? मी बोलते ना आत्यांशी." पण त्यांनी ऐकलं नाही.

त्या वर्षीचं नाटक मीच लिहिलं होतं. एक अनाथ पोरगी, तिच्या शेतावर डोळा ठेवणारा चुलता आणि तिला आसरा देणारे एक मास्तर. चुलता उद्धवरावांसाठीच लिहिलेला. तो मी मोबाईल दुरुस्तीवाल्या विश्वंभरला दिला आणि उद्धवरावांना मास्तर केलं. पोरीच्या कामाला माझी नात हुमेरा. माझी लेक नाहिद तिला घेऊन वारंगा फाट्याहून सुट्टीला आली होती.

तालमीत मी कपाळाला हात लावला. विश्वंभर धमकी द्यायचा आणि लगेच माफी मागितल्यासारखा बघायचा. आणि उद्धवराव? उभ्या जन्मात ज्यांनी मुंगी मारली नाही, ते पोरीच्या डोक्यावर मायेनं हात ठेवायला गेले की गळा धरतात का काय असं वाटायचं. "बेटा, हे घर तुझंच आहे," हे वाक्य त्यांच्या तोंडून असं काही निघायचं, की मलाच घाम फुटायचा.

प्रयोगाच्या दिवशी मैदान भरलं. शकुंतलाबाई शौनकसोबत पहिल्या रांगेत, खुर्चीवर. पडदा उघडला आणि पांढऱ्या धोतरात, पांढऱ्या मिशीत उद्धवराव आले. शिट्ट्या पडल्या. लोकांना वाटलं, हा सज्जनाचा वेष घेऊन आलेला चोर आहे.

"बगा आता कसा डाव टाकतो ते!" मागून जळबा ओरडला. हा आमचा ट्रॅक्टरवाला, नाटकात कुणाचं काही चुकलं तर आधी याला कळतं.

उद्धवराव गोड बोलायला लागले तसे लोक जास्तच सावध झाले. मग दुधाचा प्रसंग आला. भुकेल्या पोरीला मास्तर दुधाचा गिलास देतात. हुमेरानं गिलास ओठाला लावला, तेवढ्यात जळबा उभाच राहिला.

"पोरी, पिऊ नको! इख असंल त्यात!"

"ठेव गं माय खाली!" बाया ओरडल्या.

हुमेरा थबकली. तिनं गिलासात बघितलं, मग पडद्याआड उभ्या माझ्याकडं बघितलं. उद्धवरावांच्या कपाळावरून रंग ओघळायला लागला. त्यांना पुढचं वाक्य आठवेना. शेवटी त्यांनी तिच्या हातातला गिलास घेतला, लोकांकडं वळले, "अहो, कसलं विष? हे बघा!" म्हणाले आणि सगळं दूध घटाघटा पिऊन टाकलं.

आणि हुमेरानं भोकाड पसरलं.

"काका, माझं दूध! नानीनं बदाम घालून मला दिलतं!"

हे नाटकात नव्हतं. माझ्या बायकोनं, मदीनाबीनं, खरंच बदाम घातले होते. मैदान असं हसलं, की मंडप हलला. पण उद्धवरावांना ना मंडप दिसत होता ना माणसं. ते गुडघ्यावर बसले. "रडू नको गं बाळा, चुकलं माझं. चल घरी, काकू तुला दोन गिलास देईल. बदाम पण घालेल," असं म्हणत धोतराच्या सोग्यानं तिचं नाक पुसायला लागले. तिचे हुंदके थांबेनात तसे यांचेही डोळे भरले. हसणारी माणसं हळूहळू शांत झाली. मी पडद्याची दोरी धरून उभा होतो, ती ओढायचं भानच राहिलं नाही. पहिल्या रांगेत शकुंतलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्याच पदरानं डोळेही टिपत होत्या.

नाटक कसंबसं संपलं. आमची रंगपटाची खोली म्हणजे शाळेचा वर्ग. उद्धवराव तिथं बाकावर मान खाली घालून बसले होते. शकुंतलाबाई आत आल्या तसे ते उठले.

"बाई, माफ करा. सगळा घोळ केला मी."

"घोळच केला," बाई म्हणाल्या. "चांगला माणूस इतका वाईट करणारा नट मी पाहिला न्हाई."

उद्धवरावांचं तोंड उतरलं. वासंतीवहिनी दारातच थांबल्या.

"पण लेकराचं नाक पुसलं, ते काही तुमच्या नाटकात न्हवतं," बाई म्हणाल्या. "मी ते बराबर पाहिलं. साखरपुड्याचा दिवस काढा. अन् पुन्हा हे पांढरं धोतर नेसू नका बाबा. दुष्टच बरे दिसता तुमी."

नीलांबरी आणि शौनकचं लग्न माघात झालं. पंगतीत जळबा आग्रह करून करून जिलेबी वाढत होता. उद्धवरावांच्या पुढं आल्यावर म्हणाला, "खा बिनधास्त, काई घातलं न्हाई!"

यंदाच्या तालमी आता सुरू आहेत. मशीनवर काळ्या कोटाला अस्तर लावून राहिलोय, उद्धवरावांचं पोट सुटल्यामुळं थोडा सैल केलाय. दिवाळीचे हे दिवस मला फार आवडतात. एरवी ज्यांची वर्षभर गाठ पडत नाही ती माणसं रोज शाळेत जमतात, एकमेकांची वाक्यं चुकवतात, चिवडा खातात. शौनकलाही मी हवालदार केलाय. त्याला दोनच वाक्यं आहेत, ती तो कॉलेजात शिकवल्यासारखी म्हणतो.

शकुंतलाबाई रविवारच्या तालमीला हटकून येतात. खुर्ची घेऊन थेट पुढं बसतात. परवा उद्धवराव भावाला जमिनीवरून हुसकावून लावत होते, तर बाई मधेच म्हणाल्या, "असं मिळमिळीत काय बोलता? जरा दात-ओठ खा की!"

उद्धवरावांनी दात-ओठ खाऊन पुन्हा सुरुवात केली.

"अन् हात असा वर करा. लोकांना दिसला पायजे."

त्यांनी हात वर केला. मग वैतागून माझ्याकडं वळले. "चाँदभाई, दिग्दर्शक तुमी हाव का विहीणबाई?"

मी सुईत दोरा ओवत राहिलो. बाईंचं म्हणणं बराबर होतं. हात वर केल्यावर प्रसंग खरंच रंगला होता.