लिंबाजीकाकांचा शेरा

या पानावर बहुधा मोठ्या माणसांच्या आठवणी येतात, आणि लिहिणारेही जाणते असतात. लिंबाजीकाका आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते, एवढंच. आणि मी परभणीला ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मी लिहावं की नाही, हे ठरवण्यातच पाच आठवडे गेले. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं... कारण मला काकांबद्दल सांगायचं आहे, तसंच माझ्या एका चुकीबद्दलही.

काका गेल्याचा फोन आला तेव्हा वर्गीकरणाचा तास चालू होता. बाहेर येऊन ऐकलं, परत आत जाऊन बसलो आणि सरांनी फळ्यावर लिहिलेला वर्गांक वहीत उतरवून घेतला. असं का केलं, मला अजून सांगता येत नाही.

आमचं गाव राणीसावरगावच्या बाजूला. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली आणि चार लोखंडी कपाटं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आमचे आईवडीलही जायचे. टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी काका खोलीसमोर सतरंजी टाकून पुस्तकं मांडायचे, ज्याला हवं त्यानं फडावर न्यावं. मुकादम त्यांना चिडवायचा, चूल पेटवायला बरं पडंल म्हणायचा. काका म्हणायचे, पेटवा की, फक्त आधी एक पान वाचून पेटवा.

आठवीत असताना मीही एक पुस्तक नेलं होतं. फडावर आमच्या कोपीबाहेर, म्हणजे पाचटाच्या झोपडीबाहेर, विसरलो आणि बैलानं त्याची निम्मी पानं खाल्ली. गावी आल्यावर मी वाचनालयाच्या रस्त्यानं जाणंच सोडलं. शेवटी काका रजिस्टर काखेत मारून आमच्या घरी आले. माझ्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'वाचायलेत'. वाचत आहेत, असं. म्हणाले, "निम्मं तू वाचलंस, निम्मं बैलानं. आता दुसरं न्यायला ये." परत न आलेल्या प्रत्येक पुस्तकापुढं ते हाच शब्द लिहायचे.

बी.ए. झाल्यावर या विषयाचंही पुढचं शिक्षण असतं, हे मला त्यांनीच सांगितलं. ते स्वतः दहावीनंतरचा एक छोटा कोर्स करून या कामाला लागले होते. आमचे वडील म्हणाले, पुस्तकं कपाटात लावायला इतकं शिकावं लागतंय व्हय? काका म्हणाले, लावायला न्हाई, सापडायला. प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीनं परभणीला आले. मी रांगेत असेपर्यंत विभागाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे एकेक बोटानं वाचत उभे होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्पासाठी मी आमचंच वाचनालय निवडलं. पुस्तकांची पडताळणी करायची होती. वर्गात शिकलो होतो की न सापडलेल्या पुस्तकापुढं 'गहाळ' असा शेरा हवा. अशी एकतीस पुस्तकं निघाली. मी 'वाचायलेत'वर लाल रेघ मारत गेलो आणि वर 'गहाळ' लिहीत गेलो. बैलानं खाल्लेलं माझं पुस्तकही त्यात होतं, तेही सोडलं नाही. काका शेजारी बसून नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. संपल्यावर त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, सगळी पानं पाहिली.

"दत्ता, तुजा नियम बरोबर हाय," ते म्हणाले. "पण गहाळ लिवलं की मानूस पुस्तक घेऊन दारात यायला लाजतंय." मग माझ्या नावावर बोट ठेवून हसले. "मंग तू बी गहाळच का रं?"

मीही हसलो. शासनाचा माणूस तपासायला आला तर काय दाखवणार, असं काहीतरी म्हणालो. त्यांनी माझ्या लाल पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्या खिशात ठेवला... तीच आमची शेवटची भेट. प्रकल्पाला चांगले गुण पडले. त्यांना कळवायचं राहून गेलं.

काका गेल्यापासून मला त्या एकतीस शेऱ्यांचंच वाटत राहिलं. ती माणसं आता कशाला येतील? विचारणारं माणूस नाही, आणि रजिस्टरात मी त्यांना दोषी ठरवून बसलेलो.

सध्या संध्याकाळी तासभर काकूच वाचनालय उघडतात. परवा त्यांचा फोन आला. टोळ्या परतल्यात. काका गेल्याचं फडावर कळल्यावर आमच्या गल्लीतली सोजरमावशी कोपी-कोपी फिरली, ज्याच्याकडं असेल त्याच्याकडून पुस्तकं मागून घेतली आणि ओढणीत बांधून सरळ वाचनालयात आणून ठेवली. काहींच्या पेट्यांत चार-चार वर्षांपासून होती म्हणे. काकूंनी रजिस्टराशी ताडून पाहिलं, त्यातली अकरा माझ्या लाल शाईतली निघाली.

"आता हितं काय लिवू रं?" त्यांनी विचारलं.

माझं 'गहाळ' खोडा आणि 'परत आलं' असं लिहा, मी म्हणालो.

"बरं. आन एक सोजरनं स्वताच्याच घरचं आनलं न्हाई," काकू म्हणाल्या.

मी घाबरतच विचारलं, का? हरवलं का?

"न्हाई रं. तिची पोरगी वाचायलीय."