मामांचा कोसळणारा अणू

जग अजून शाबूत आहे याचं रोज नव्यानं आश्चर्य वाटणारा अख्ख्या महाडात एकच माणूस होता: माझ्या बायकोचे मामा. हायस्कुलात ते शास्त्र शिकवत. सकाळी उठले की भिंतीवर थाप मारून पाहत, मग पाटावर, मी सापडलो तर माझ्या पाठीवर. लाडू दिला तर त्याच्याकडे इतका वेळ बघत, की मामी धास्तावून विचारीत, "खवट वास येतोय का?"

"नाही गं. हा टिकून कसा आहे, ते बघतोय."

त्यांचं म्हणणं असं: अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन नावाचा विजेचा कण केंद्राभोवती गरगर फिरतो. गोल फिरायचं म्हणजे क्षणोक्षणी वळायचं, आणि वळणारा विजेचा कण जुन्या शास्त्राप्रमाणे प्रकाश फेकतो. प्रकाश फेकला की शक्ती घटते, शक्ती घटली की तो आत सरकतो, आणि पापणी लवायच्या आत केंद्रावर आदळतो. "म्हणजे पुस्तक खरं असेल तर लाडू नाही, ताट नाही, आणि जावईबापू, तुम्हीही नाही!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की माझ्या नसण्याचं मला वाईटही वाटत नसे.

तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं. साहेब चिडले. "मग मी या खुर्चीत कसा बसलोय?"

"तेच विचारतोय, साहेब. आपल्याला काही सुचतंय का?"

पोरं खदखदली आणि मामांची पोलादपूरच्या मराठी शाळेत बदली झाली. "अणू राहिला धड, संसार कोसळला," मामी भांडी बांधता बांधता म्हणाल्या.

तिथे आंबेनळीकडच्या वाडीतला एक म्हातारा शेतकरी संध्याकाळी ओटीवर येऊन बसे. मामांनी त्याला सांगितलं, की विलायतेतल्या शास्त्रज्ञांनी आता नियम काढलाय: ठरावीक वाटांवर फिरताना कणानं प्रकाश फेकायचा नाही.

"का नाय फेकायचा, मास्तर?"

"त्याचं कारण मलाही कळलेलं नाही. नियम आहे."

"नियम हाय नि कारन नाय? मंग ही खोतीच म्हना की!"

हसता हसता मामा ओटीवरून पडायचे राहिले. तेव्हापासून दोघांची रोज खडाजंगी. पुढे महाडला परत बोलावणं आलं, तर मामींना इथली हवा मानवते, असं कळवून मामांनी ते टाळलं. मामींची सर्दी हटत नव्हती.

म्हातारा हिवतापानं गेला. मी भेटायला गेलो, तेव्हा मामा ओटीवर एकटेच बसले होते. इलेक्ट्रॉनचा विषय मीच काढला. ते थोडं बोलले, मध्येच थांबले.

"जावईबापू, तुम्ही मान फार डोलावता हो," ते हळूच म्हणाले. "तो अडवायचा."