बिनतोटीचे नळ

रोमच्या स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि आमचं भांडण सुरूही झालं होतं. मैत्रिणीला आधी कलोसियम बघायचं होतं, मला आधी पोटात काहीतरी घालायचं होतं. उत्तर इटलीतल्या एका विद्यापीठात आम्ही दोघी शिकत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. मी लातूरची, ती नांदेडची. खरं म्हणजे ती मुदखेडची, वडील तिथं रेल्वेत. पण परदेशात मुदखेड कुणाला कळणार, म्हणून नांदेड. तसं नांदेड तरी कुणाला कळत होतं म्हणा. इतक्या लांब येऊनही नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावरून आमची आठवड्यातून एकदा तरी जुंपायचीच.

आठ महिने वर्ग, लायब्ररी आणि खोली एवढंच पाहिलं होतं. शिष्यवृत्तीतून पैसे मागं टाकून टाकून हे दोन दिवस उभे केले होते. शनिवार-रविवार, पाठीवर एकेक बॅग, आणि रविवारी संध्याकाळी परतीची गाडी.

शेवटी पोट जिंकलं. एका दुकानात पिझ्झा कात्रीनं कापून, तराजूत टाकून विकत होते. आपल्याकडं शेव-चिवडा जोखतात तसा. आम्ही बोटानं "इथपर्यंत, इथपर्यंत" असं दाखवत मोठाले तुकडे घेतले आणि खात खातच चालायला लागलो. काय सांगू, मान नुसती गरागरा फिरत होती! काळ्या चौकोनी दगडांचे रस्ते, जर्दाळूच्या रंगाची घरं, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. उदगीरचा किल्ला बघायला आमच्या शाळेनं सहल काढली होती, डबे-बिबे बांधून. इथं बसस्टॉपच्या मागं दोन हजार वर्षांपूर्वीची भिंत उभी होती आणि एक माणूस तिला टेकून पेपर वाचत होता.

तेवढ्यात मला पाण्याचा आवाज आला.

फुटपाथच्या कडेला कमरेएवढा लोखंडी खांब होता. त्याला नाकासारखी वाकडी नळी, आणि तीतून मनगटाएवढ्या धारेनं पाणी वाहत होतं. खाली जाळी, जाळीतून सरळ गटारात. भांडं नाही, माणूस नाही. मी पिझ्झा मैत्रिणीच्या हातात दिला आणि नळ बंद करायला धावले.

हे मी विचार करून केलं नाही. त्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे गल्लीत कुणी विचारतसुद्धा नव्हतं. वाहता नळ दिसला की बंद करायचा, हे आमच्या हातालाच माहीत होतं. पण या खांबाला चावीच सापडेना. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

"काय करायलीस गं?" मैत्रीण म्हणाली.

"चावी कुठंय बघ की! सगळं वाया चाललंय!"

चावी नाहीच म्हटल्यावर मी काय करावं? नळीच्या तोंडावर पंजा दाबून धरला. त्या नाकाच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक होतं, ते मला दिसलंच नव्हतं. त्यातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट मैत्रिणीच्या तोंडावर. दोन्ही हातांत पिझ्झा, चष्म्यावरून पाणी ओघळतंय, आणि तोंडातून अस्सल मुदखेडी शिव्या. समोरच्या कॉफीच्या दुकानातले लोक टाळ्या वाजवायला लागले.

एक म्हातारी बाई रस्ता ओलांडून आमच्याकडं आली. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण तिनं माझा हात बाजूला केला, एका बोटानं नळीचं तोंड बंद केलं आणि वरच्या भोकातून उडणाऱ्या धारेला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. ते भोक त्यासाठीच होतं! आम्हाला मोडकंतोडकं इटालियन येत होतं. तिच्या बोलण्यातून कळलं की असे नळ गावभर आहेत आणि रात्रंदिवस चालू असतात. त्यांना लोक 'मोठं नाक' म्हणतात.

"मंजे नाकाड्या," मैत्रीण चष्मा पुसत म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस आमच्यासाठी ते नाकाडेच राहिले.

मग आम्हाला नाद लागला. गल्लीगल्लीत नाकाडा शोधायचा, बोट लावायचं, प्यायचं. गार, गोड पाणी. मधूनमधून रोमही बघत होतो. एका प्रचंड घुमटाखाली उभ्या राहिलो. त्याला वर मधोमध खिडकीएवढं नाही, खोलीएवढं भोक, आणि त्यातून उन्हाचा खांब उतरलेला. पाऊस आला की सरळ आत पडतो म्हणे. मैत्रीण त्या उन्हात जाऊन उभी राहिली आणि तिथून मला हाका मारायला लागली. पुतळे, कारंजी, घोडे, पुन्हा कारंजी. पाय मोडून आले तरी थांबावंसं वाटेना.

दुपारी आईचा फोन आला. "काय बघायलीस?"

"जुन्या इमारती," मी म्हणाले. पाण्याचं बोलले नाही. तिच्यामागं भांड्यांचा आवाज येत होता आणि टँकर कोणत्या गल्लीत थांबलाय याची चौकशी चालली होती.

रविवारी सकाळी मात्र लपवता आलं नाही. आम्ही एका नाकाड्यापाशी बाटल्या भरत होतो आणि पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन पाण्यापासून वळवला, तर मैत्रिणीनं तो माझ्या हातातून ओढला.

"काका, हे बघा, तुमच्या लातूरकरणीनं काय लपवलंय ते!" असं म्हणून तिनं धारेवरच कॅमेरा धरला.

पप्पा लातूरच्या कलेक्टर कचेरीत कारकून. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा लागलेले. कचेरीत टेबलं पुरत नव्हती म्हणून पहिले काही महिने फायलींच्या पेटीवर बसून लिहायचे. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात, आमच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. त्या उन्हाळ्यात ते टंचाईच्या कामावर होते. रविवार असूनही कचेरीतून नुकतेच घरी जेवायला आले होते, आणि गल्लीत टँकर लागलेला.

त्यांनी चष्मा वर केला. "कुनी सोडलाय गं हा?"

"कुणी नाही. असाच चालू असतो."

"असाच मंजे?" त्यांनी फोन शेजाऱ्यांकडं वळवला आणि घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी पडद्यावर गर्दी केली. मी फोन परत ओढायला गेले. पण तिकडून एकदम हसण्याचा गलका झाला.

"अगं माय, बंद कर म्हनावं कुनीतरी!"

"न्हाई वो काकू, तोटीच न्हाई त्याला!" मैत्रीण म्हणाली.

"मग हिकडं पाठव की रेल्वेनं!"

मैत्रिणीनं बोट लावून धार उडवून दाखवली, तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात एक पोलीस येऊन पाणी प्यायला, त्याच्यामागून एक फाटक्या कोटातला माणूस, मग एका बाईनं ओंजळीतून कुत्र्याला पाजलं. पप्पा बघत होते.

"कुनी बी पितंय?" त्यांनी विचारलं. "त्याच नळाला?"

"हो पप्पा. कुणीही."

गावच्या आडावर आजोबांना लांब उभं राहावं लागे आणि कुणी वरून ओतलं तर प्यायला मिळे, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. "चांगलं हाय," पप्पा म्हणाले. मग लगेच त्यांच्यातला कारकून जागा झाला. "पन पानी येतं कुठून? जाऊन बग. मला सांग."

मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. कलोसियमच्या रांगेत लागायची वेळ झाली होती. पण पप्पांनी तिलाही सांगितलं, "तू बी जा बरं तिच्यासंगं." मोठ्या माणसाला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

रात्री उतरलो होतो त्या हॉस्टेलातल्या मुलीनं सांगितलं तसं मेट्रोनं गावाच्या कडेला गेलो. समोर मोकळं गवत, त्यात लाल फुलं, आणि त्या गवतातून दगडी कमानी चालत गेलेल्या. तीन मजली घराएवढ्या उंच, दिसतंय तिथवर. डोंगरातलं पाणी पूर्वी या कमानींच्या डोक्यावरून शहरात यायचं. मोटार नाही, वीज नाही, नुसता उतार. मी धावतच सुटले. मैत्रीण आधी कुरकुरत होती, तीसुद्धा कमानीखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "बाप रे, हे मानसांनी केलंय व्हय?"

शेजारीच ठेंगण्या कमानींची दुसरी रांग होती. तिथं एक म्हातारा बाकावर बसला होता. कुठून आलात, असं त्यानं विचारलं. भारतातून, पाणी बघायला आलोय, असं मी सांगितलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला. त्यानं भिंतीवर थाप मारली.

"मी इथं जन्मलो," तो म्हणाला.

आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्यानं हातवारे करून नीट समजावलं. त्याचे आईबाप दक्षिणेतल्या खेड्यातून कामाला आले होते. घर मिळालं नाही, म्हणून या कमानींना पत्रे टेकवून झोपडी बांधली. अशा शेकडो झोपड्या होत्या. "पाणी इथून जायचं," त्यानं डोक्यावर बोट दाखवलं, "आणि आई बादली घेऊन लांबच्या नळावर रांगेत."

मी तिथल्या तिथं पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा इटालियनमध्ये, पप्पा मराठीत, मधे मी धापा टाकत.

"किती वर्षं राहिले असे, इचार."

"लग्न होईपर्यंत, म्हणतात."

"मग घर कसं भेटलं?"

"सगळे मिळून भांडले. मोर्चे काढले. मग सरकारनं घरं दिली."

"हाव, भांडल्याबिगर कुठं काय भेटतंय!" पप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की म्हाताऱ्यानं त्याचं भाषांतरही मागितलं नाही, नुसता हसला. मग त्याला आमचं घर बघायचं होतं. पप्पांनी फोन घेऊन अंगणातले निळे ड्रम दाखवले, एकेकाचं झाकण उघडून. म्हाताऱ्यानं प्रत्येक ड्रमात वाकून बघितलं, जणू पाणी किती उरलंय ते त्याला खरंच दिसत होतं. निघताना त्यानं आमच्या दोघींच्या हातांवर थोपटलं आणि परत कधी जाणार, असं विचारलं.

गाडी! आम्ही मेट्रोकडं धावलो, चुकीच्या बाजूनं बसलो, उतरलो, परत बसलो. कलोसियम राहिलंच. प्लॅटफॉर्मवर शिट्टी होत असताना शेवटच्या डब्यात चढलो. मला वाटलं आता ही मला जन्मभर ऐकवणार. पण ती दाराशी बॅगेवर बसली, बूट काढून फोड मोजले आणि म्हणाली, "त्या म्हाताऱ्याची आई रोज किती खेपा करत आसंल गं? इचारायचं राहिलं."

सोमवारी वर्गात इटालियन शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, सुट्टीत काय पाहिलंत? आम्ही दोघींनी एकदमच तोंड उघडलं. मी कमानींपासून सुरुवात केली, तिनं तोंडावर उडालेल्या पाण्यापासून, आणि कुणीच थांबायला तयार नव्हतं. बाईंनी शेवटी पुस्तक मिटलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "एकेक करून सांगा."