हरतालिकेची गोळी

"आजींच्या हिरड्या कधीपासून काळ्या आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई उन्हातान्हात शेतात राबून रापल्या, असंच आम्ही धरून चाललो होतो. हिरड्यांना ऊन लागत नाही.

वजन उतरलं होतं, उठताना चक्कर येई, आणि त्या ताटातलं मीठ नुसतं चाटायच्या. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल फारच कमी आलं. मग एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट झाली. यात इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेतात, कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी जागी होते का ते बघतात. झाली नाही.

निदान: ॲडिसन्स डिसीझ. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी आजारपणाचा ताण सोसायला लागणारं हे संप्रेरक बनवत नाहीत. ते गोळीतून घ्यायचं. हायड्रोकॉर्टिसोन, जन्मभर.

वाघोलीच्या घरी शेजारणी येऊन बजावून गेल्या, "स्टेरॉइड हाय म्हणं. सोडा लवकर." मी हॉस्पिटलात सिस्टर आहे. सासूबाईंना समजावलं, तुमच्या अंगात जे आटलंय तेच हे. एकदम बंद करायचं नाही. डबीला सकाळ-दुपारचे कप्पे केले. त्याच औषधाचं तातडीचं इंजेक्शन कपाटात, चाव्यांशेजारी.

त्या हिंडूफिरू लागल्या. मग हरतालिका आली.

दुपारी ड्यूटीवरून आले तर त्या देवघरापुढे आडव्या. उलट्या झालेल्या, हातपाय गार, बीपी लागेना. डबीतला सकाळचा कप्पा भरलेला.

"आज पान्याचा थेंब घेत न्हाई मी," त्या पुटपुटल्या. "लग्नापासनं."

याला ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात. रक्तदाब कोसळतो, माणूस हातचा जाऊ शकतो. मी मांडीत इंजेक्शन दिलं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गाडी बोलावली. हॉस्पिटलात सलाइन, शिरेतून पुन्हा हायड्रोकॉर्टिसोन.

आयसीयूबाहेर आबांनी विचारलं, "ह्यो उपास कुणासाठी असतो, सुनबाई?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं. तरी मी सांगितलं, "नवऱ्याच्या आयुष्यासाठी."

सासूबाई वाचल्या.

हा आजार घरात असेल त्यांनी एवढं करा. ताप आला तर डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे डोस वाढवा. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन द्या आणि थेट हॉस्पिटल गाठा. आजाराचं नाव आणि औषध लिहिलेलं कार्ड कायम जवळ असू द्या. वॉर्डात डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावताना मी आता आणखी एक विचारते: कडक उपवास कोणते धरता?

यंदा हरतालिकेला सकाळीच आबा तांब्या-भांडं घेऊन सासूबाईंपुढे बसले. तळहातावर गोळी.

"देवीला चालंल का?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं आयुष्य मागतीस नव्हं? तुझ्याबिगर मला ते नको हाय. घे."

सासूबाईंनी देवीला हात जोडले, गोळी घेतली, भांडं रिकामं करून आबांच्या हातात दिलं.

"आता सरका पुढनं. माझी पूजा व्हायचीय."