मुकुट कापायचा नाही

माझा नवरा जहाजांचा इंजिनियर. बरीच वर्षं समुद्रावर काढून आता दुबईच्या गोदीत जहाजांची तपासणी करतो. त्याच्या व्यवसायाची एक जुनी संस्था आहे, मूळ लंडनची. तिला तिथल्या राजघराण्याची सनद आहे, स्वतःचं मानचिन्हही आहे: मधे ढाल, दोन बाजूंना माशाच्या शेपटीचे घोडे, वर मुकुट. इथल्या शाखेचं वार्षिक जेवण ठरलं आणि केकचं काम माझ्याकडे आलं. मी इथे दुबईतल्या अल कुसैसला घरीच केक करते, लग्नाचे, बाप्तिस्म्याचे. घोड्याला शेपटी लावायची वेळ पहिल्यांदाच आली.

नवरा ऑफिसातून आला की आधी किचनमध्ये यायचा आणि फोनवरचं चित्र माझ्या कामाशी ताडून बघायचा.

"घोड्याचा पाय अजून वर हवा."

"वरच आहे."

"अजून. त्यात आपल्या मनाने काही बदलता येत नाही."

एवढं लक्ष त्याने आमच्या लग्नाच्या केककडेही दिलं नव्हतं. मी तसं म्हटलं, पण तो हसला नाही.

साखरेची ढाल, घोडे, मुकुट सगळं वाळलं आणि तो एकदम थबकला. "हे कापणार कसं?"

"सुरीने."

"राजाचा मुकुट सुरीने कापायचा? लंडनच्या पाहुण्यांसमोर?"

आमची मुलगी टॅबवरून मान वर न करता म्हणाली, "पपा, इट्स जस्ट शुगर."

त्याने शाखेच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते केरळचे. त्यांनाही हे सुचलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांचा मलाच फोन आला, "भाभीजी, मुकुट नहीं काट सकते. ढाल भी नहीं. आप कुछ करो, हो जाएगा इन्शाल्ला."

"मग केक कशाला, फ्रेमच करून लावा," मी नवऱ्याला म्हटलं. पण केलं. अख्खं चिन्ह एका पातळ पुठ्ठ्यावर बसवलं, उचलून बाजूला ठेवता येईल असं. खाली साधा निळा केक.

जेवणाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी सुरी हातात घेतली. उंच, म्हातारे इंग्रज गृहस्थ. सेक्रेटरी "वन मिनिट, सर" म्हणत पुढे झाले आणि मी दोन्ही हातांनी चिन्ह उचललं. कारण सांगितल्यावर पाहुण्यांनी गंभीरपणे मान हलवली. मग मला विचारलं, "घोडा खाता येतो का?"

"येतो."

"मग मुकुट राहू द्या. मला हा घोडा चालेल."

त्यांनी शेपटी मोडून तोंडात टाकली. दुसरा घोडा जेवणाला आलेल्या पोरांनी संपवला. माझा नवरा क्षणभर ताठ उभा होता, मग त्यालाही हसू आलं.

ढाल आणि मुकुट घरी आले. मुलीने मुकुटाला हात लावताच नवरा म्हणाला, "थांब, आधी आजोबांना दाखवू."

माझे सासरे वसईत पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचे. मुलाचं शिक्षण त्यावरच झालं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. नवरा प्रत्येक भाग समजावून सांगत होता, सनद काय, ती कुणाला मिळते, मुकुट का असतो.

"म्हणजे यात तूपण आलास?" त्यांनी विचारलं.

"हो पप्पा. मी मेंबर आहे ना."

"बरं झालं," ते म्हणाले. "आता पोरीला खाऊ दे."

त्याने मुकुट काढून मुलीच्या हातात दिला.